कचऱ्याची चार भविष्यं

विज्ञानाच्या बाईंनी मागच्या वर्षी नववीच्या मुलांकडून पाण्याचा प्रकल्प करून घेतला. मुलं विहिरी मोजत हिंडली आणि वीस वर्षांनंतरची चार वेगवेगळी चित्रं मांडली. बक्षीस मिळालं, पण सासूबाईंच्या ऑपरेशनमुळे बाई रजेवर होत्या. बक्षीस घ्यायला गेले शाळेचे पर्यवेक्षक, आणि अहवालावर नावही त्यांचंच लागलं.

"शाळेचंच नाव झालं ना, बाई? त्यात तुझं-माझं काय?" ते म्हणाले.

 बाईंनी मात्र मनात डूख धरला.

यंदा विषय होता कचरा. "नुसतं 'असं होईल' म्हणू नका. 'असं झालं तर?' विचारा, आणि त्यावर पुन्हा 'मग पुढे?'" बाईंनी मुलांना सांगितलं. मुलं दोन महिने भंगारवाल्यांपासून सफाई कामगारांपर्यंत सगळ्यांना विचारत सुटली.

सादरीकरणाच्या आधी पर्यवेक्षक आलेच. "फाईल द्या. संस्थेच्या समितीपुढे मी मांडतो, तुम्हाला कशाला त्रास?"

"घ्या ना, सर."

फाईलमध्ये चार भविष्यांचे रंगीत तक्ते होते, निष्कर्ष होते. ते कसे निघाले हे ज्यांत लिहिलं होतं, त्या वह्या बाईंच्या कपाटात राहिल्या. सरांनी मागितल्याच नाहीत. मुलांना बाईंनी पहिल्या रांगेत बसवलं.

"दुसऱ्या भविष्यात कचरा निम्मा कसा झाला?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"जनजागृतीमुळे," पर्यवेक्षक म्हणाले.

"तक्त्यात तर तसं नाही." अध्यक्षांनी चष्मा काढला. "मुलांनो, तुम्ही सांगाल?"

पहिल्या रांगेतली एक चष्मिस मुलगी उठली. "त्यात लोक वस्तू फेकण्याऐवजी दुरुस्त करतात. आम्ही सहा कारागिरांना भेटलो. सर त्या दिवशी नव्हते."

"कुठल्या दिवशी?"

"कुठल्याच."

सभागृहात हशा पिकला.  अध्यक्षांनी मग मागच्या वर्षीच्या अहवालाचीही चौकशी लावली. सत्र संपायच्या आत सरांचं पर्यवेक्षकपद गेलं. बाईंचा जीव थंड झाला, त्या दिवशी त्या दोन घास जास्तच जेवल्या.

आठवड्याने चष्मिस प्रयोगशाळेत आली. "बाई, सर अडणार हे तुम्हाला माहीत होतं ना? म्हणूनच आम्हाला पुढे बसवलंत."

खोटं उत्तर बाईंच्या ओठांवर आलं होतं. "हो," त्या म्हणाल्या.

"मग आधी सांगायचं ना. आम्ही अध्यक्षांना आणखी अवघड प्रश्न काढून दिले असते."

ती हसत नव्हती. बाईंना पहिल्यांदाच जरा भीती वाटली.