पंचेचाळीस कप्पे आणि एक ओला मोजा

"जगातली सगळी माहिती शेवटी पंचेचाळीस कप्प्यांत मावते," असं कप्पेकाकांनी सकाळी पावणेनऊला जाहीर केलं. आवाज असा, की शेजारी कुणी असतं तर दगडावर कोरूनच घेतलं असतं. मग त्यांनी खिसे चाचपले, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि बऱ्याच खालच्या पट्टीत विचारलं, "माझा चष्मा कुणी पाहिला का?"

चष्मा एकतिसाव्या कप्प्यात होता. तिथे त्यांनीच ठेवला होता, पद्धतीनं.

कप्पेकाका म्हणजे टपालाच्या छाटणीत चौतीस वर्षं घालवलेला माणूस. मिनिटाला साठ पत्रं पत्त्यांप्रमाणे कप्प्यांत लावायचे. ते निवृत्त झाले त्याच महिन्यात छाटणीचं जुनं लाकडी कपाटही मोडीत निघालं आणि दोघं एकाच टेम्पोतून घरी आले. नऊ ओळी, ओळीत पाच कप्पे. बैठकीची एक भिंत त्यात गेली. "लोक निवृत्तीला घड्याळ घेऊन येतात," काकू म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे भिंत आली." पुढची चार वर्षं त्या भिंतीत चमचे, औषधं आणि लोकरीचे गुंडे राहिले. आज मात्र सगळं रिकामं करून पुसून घेतलं होतं, कारण आज घोडामैदान होतं.

कारण होती कानी, त्यांची लेक. लहानपणी ती भिंतीला, पाइपाला, झोपलेल्या कुत्र्याला कान लावून बसायची, म्हणून घरात तिचं नाव कानी पडलं. मोठेपणी तेच तिचं काम झालं: ती आवाज रेकॉर्ड करते. दक्षिणेकडच्या बर्फात जाणाऱ्या एका जहाजावर आवाज टिपणाऱ्या माणसाची एकच जागा होती, आणि कानी प्रतीक्षा यादीत पहिली होती. तिच्या पुढचा माणूस गळला तर आज बारापर्यंत कळणार होतं. आणि निरोप आला की बाराच्या आत हो म्हणायचं, नाहीतर जागा पुढच्या नावाला. जहाज गुरुवारी सुटणार.

आता यात अवघड ते काय? अवघड होता कानीचा फोन. त्यावर पाच ठिकाणांहून निरोप यायचे: एक हिरवं, एक निळं, एक काळं, एक जांभळं आणि पाचवं कुठल्या रंगाचं ते त्याचं त्यालाही ठरवता येत नव्हतं. गेल्या वर्षी वाळवंटातल्या एका मोहिमेचं बोलावणं तिच्या फोनात अकरा दिवस पडून राहिलं होतं. कुण्या मैत्रिणीच्या मांजरीचं नाव काय ठेवावं यावर चारशे मेसेज झाले आणि बोलावणं त्यांच्या तळाशी गेलं. मोहीम गेली. मांजरीचं नावही शेवटी ठरलं नाही. कानी दोन महिने कुणाशी धड बोलली नव्हती.

त्यात आज नऊ ते बारा तिचं काम. एका बिस्किटाच्या जाहिरातीसाठी कुरकुर रेकॉर्ड करायची होती. आत फोन न्यायला बंदी, कारण फोन थरथरला की बिस्कीट मऊ झाल्यासारखं वाटतं म्हणे. "बाबा, तुमच्याकडे ठेवून जाते," ती दारात म्हणाली. "काही करा, पण ते एक सुटू देऊ नका. साडेअकराच्या सुट्टीत फोन करते."

"छाटणीत आजवर एक पत्र सुटलेलं नाही," काका म्हणाले.

"चष्मा लावा," कानी म्हणाली आणि गेली.

तेवढ्यात प्लंबर आला. स्वयंपाकघरातला नळ आठवडाभर गळत होता. त्यासाठी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करायला हवा होता आणि काम झालं की पुन्हा उघडायला. "मी चार जिने दोनदा चढणार नाही," काकूंनी सांगून टाकलं. "वरच बसते. झालं की मेसेज करा, पाणी सोडते." त्यांनी सोलायला मटार घेतले, घडीची खुर्ची घेतली, फोन घेतला आणि गेल्या.

काकांनी कानीचा फोन आणि आपला फोन शेजारी मांडले, कागदाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढ्यात घेतला. पद्धत साधी होती. निरोप आला की चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचं नाव, रंग आणि वेळ लिहायची आणि चिठ्ठी त्या त्या कप्प्यात. वरच्या ओळीत मधोमध लाल कागद चिकटवलेला कप्पा जहाजाचा. त्याखाली जहाजाच्या तीन पत्त्यांची यादी: कार्यालय, कप्तान आणि मोहिमेच्या प्रमुखबाई, तिघांची पूर्ण नावं.

"आणि आत काय लिहिलंय ते?" प्लंबरनं स्वयंपाकघरातून मान काढून विचारलं.

"ते आपण वाचायचं नाही."

"नाही?"

"छाटणाऱ्यानं पत्ता वाचावा, पत्र वाचू नये. पत्र वाचायला लागला की माणूस रमतो. रमला की गाडी चुकते."

प्लंबर विचारात पडला. "आमच्यात उलटं आहे. तुंबलं की आधी हात घालून बघायचं."

नऊ वाजून दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. हिरव्यावर सात, निळ्यावर चार, जांभळ्यावर एकदम एकोणीस. काकांची बोटं आधी जरा कुरकुरली, मग त्यांना जुनी वाट आठवली. शाळेच्या मैत्रिणी: बारा नंबर. मावश्या: तेरा. कंपन्या: छत्तीस ते चाळीस. रोज सकाळच्या शुभेच्छा पाठवणारे: थेट तळाची ओळ. घरातल्यांचे निरोप: 'स्थानिक' कप्पा. तो नेहमी सगळ्यांत शेवटी, कारण गावातलं टपाल कुठे पळून जात नाही. आणि ज्याचा पत्ता लागत नाही ते 'बेवारस'मध्ये. तेही फेकायचं नाही. पण ते उघडायचा अधिकार फक्त एका साहेबाला, तोही साक्षीदारासमोर. चौतीस वर्षांत काका तो साहेब झाले नव्हते आणि याची खंत त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

अकराच्या सुमाराला प्लंबर हात पुसत बाहेर आला. "काका, माझं झालं. काकूंना कळवा, पाणी सोडा म्हणावं."

"आधी येणारं टपाल, मग जाणारं. दोन्ही एकत्र केलं की खातं बुडतं." काकांनी मान वर केली नाही. "तुम्ही मोकळे आहात ना? मग नावं वाचा. माझा हात मोकळा राहील."

प्लंबर पाच मिनिटांसाठी म्हणून खुर्चीच्या कडेवर टेकला. दहा मिनिटांत तो खुर्चीत पूर्ण बसला होता.

"निळं. 'गादी महोत्सव'."

"अडतीस."

"हिरवं. मावशी. हिरवं. मावशी. हिरवं, तीच मावशी."

"तेरा, तेरा, तेरा. तिला आज काय झालंय?"

"वाचू?"

"खबरदार."

"काळं. 'चंद्रावरचा शिंपी'. हा कोण?"

"ओळखीचा नाही. बेवारस."

"तुमचा फोन. काकू."

"स्थानिक."

दोघांची अशी लय लागली, की खालून जाणाऱ्याला वाटावं वर कुणी कापूस पिंजतंय. नाव, नंबर, चिठ्ठी, कप्पा. प्लंबरच्या कपाळावर नळ दुरुस्त करताना आला नव्हता एवढा घाम आला. काकांचे कान लाल झाले होते. अकरा वीसला तीनशेवी चिठ्ठी पडली तेव्हा दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू शिखर दोन पावलांवर राहिलंय.

फक्त लाल कागदाचा कप्पा रिकामा होता.

साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. आता चिठ्ठी कप्प्यात टाकताना काकांचे डोळे घड्याळाकडे जाऊ लागले. अकरा एकोणपन्नासला घरातला जुना फोन वाजला.

"बाबा, आलं का?" कानीच्या आवाजात दम होता. "एकाला उचकी लागली होती, सुट्टीच होईना. आलं का?"

काकांनी लाल कप्प्यात हात घालून पुन्हा पाहिलं. रिकाम्या कप्प्यातून हात बाहेर काढताना त्यांना तो फार जड लागला. "नाही गं," ते म्हणाले. "तिघांपैकी कुणाचंच नाही."

पलीकडून, लांबून बिस्कीट चावल्याचा आवाज तेवढा आला.

"बरं," कानी म्हणाली. हे 'बरं' काकांना पाठ होतं. गेल्या वर्षी दोन महिने घरात ते एवढंच ऐकू यायचं. "बाकी काय आलं?"

"तीनशे चव्वेचाळीस. सगळी लागली. फक्त सव्वीस बेवारस आहेत."

"म्हणजे?"

"पत्ता ओळखीचा नाही ती."

"मग त्यात काय लिहिलंय?"

"ते मला कसं कळणार? मी उघडत नाही."

"बाबा," कानी अगदी हळू म्हणाली, "उघडा."

"मला अधिकार नाही. त्याला साहेब लागतो."

"फोन कुणाचा?"

"तुझा."

"टपाल कुणाचं?"

"तुझं."

"मग साहेब मी. हुकूम देते."

काकांनी चष्मा सारखा केला. "तोंडी?"

"बाबा, अकरा एक्कावन्न झालेत."

"तातडीत तोंडी चालतो," काकांनी स्वतःलाच मंजुरी दिली. "पण साक्षीदार..."

"मी आहे ना," प्लंबर उठून उभा राहिला. "सही कुठे करू?"

चिठ्ठीच्या पाठीवर त्यानं ओल्या बोटांनी सही केली. ती लगेच पसरली, पण सही ती सही. मग काकांनी बेवारस कप्प्याचा गठ्ठा असा काढला, जसं घरातल्या तान्ह्या बाळाला उचलतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं टपाल उघडलं.

पहिलं: गुडघेदुखीवर तेल. दुसरं: तुम्ही जिंकलात, काय ते नंतर सांगू. तिसरं: चंद्रावरच्या शिंप्याला कानीची शिवण आवडली होती, आणि कानी शिवत नाही. चौथं, पाचवं, सहावं. प्लंबर घड्याळ वाचत होता: त्रेपन्न. चोपन्न. फोनवर कानीचा श्वास ऐकू येत होता. अकरावं: शाळेतला एक मुलगा, पंधरा वर्षांनी, फक्त 'हाय'.

"त्याला बेवारसच राहू दे," कानी म्हणाली. "पुढे."

"जांभळं," प्लंबर म्हणाला, "'ओला मोजा'. नऊ बावन्नचं."

"हे काही नसणार," म्हणत काकांनी ते उघडलं, आणि चष्मा वर सरकवून मोठ्यानं वाचायला लागले. "'आमच्या कार्यालयाचं खातं कुणीतरी पळवलंय म्हणून माझ्या खासगी खात्यावरून लिहितेय. जागा रिकामी झाली. बाराच्या आत इथेच हो कळवा. नाहीतर नाइलाजानं पुढच्या नावाला...'" काकांनी जहाजाच्या यादीवरचं तिसरं नाव बघितलं. "ही प्रमुखबाई आहे. कानी, प्रमुखबाईचं नाव ओला मोजा आहे."

"बारा वर्षं जहाजावर आहेत त्या, बाबा. दुसरं काय नाव घेणार? हो लिहा."

काकांनी फोन डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताची तर्जनी उचलली. "माननीय..."

"काका," प्लंबर म्हणाला, "सत्तावन्न."

"पत्रोत्तराची एक रीत असते."

"तुंबलंय, काका. हात घाला."

काकांनी हात घातला. एक अक्षर, एक काना, एक मात्रा. 'हो'. बोट पाठवायच्या बाणावर टेकलं आणि फोनमधून टुक असा आवाज आला.

"ऐकलं," पलीकडून कानी म्हणाली. "गेलं."

काकांना स्वतःच्या छातीत कुणी छाटणीखोलीतला जुना शिक्का मारत असल्यासारखे ठोके ऐकू येत होते. अकरा एकोणसाठला जांभळ्यावर उत्तर आलं. या वेळी काकांनी कुणाची परवानगी घेतली नाही. "'तुमचं स्वागत. गुरुवारी सकाळी सहा, चौथा धक्का. बर्फात पाणबुडी यंत्र सोडू तेव्हा पहिला आवाज तुम्ही ऐकायचा. सोबत जाड टोप्या तीन आणा. मोजे जास्त आणा.'"

कानी हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज फाटला, मग पुन्हा हसली, आणि मागे सगळा स्टुडिओ टाळ्या वाजवायला लागला. त्यात उचकीवालाही होता, मधेमधे कळत होतं. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही ते फेकलं नाहीत."

"बेवारस कधी फेकायचं नसतं," काका म्हणाले. आवाज कोरडा ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. "साहेब, आता कामाला जा. बिस्किटं वाट बघतायत."

त्यांनी फोन ठेवला. प्लंबरनं त्यांचा हात धरून हलवला, मग आपलाच ओला हात पाहून पँटला पुसला. काका कपाटासमोर ताठ उभे राहिले. चौतीस वर्षांत त्यांना स्वतःचा एवढा अभिमान वाटला नव्हता. ते टोप्यांची यादी करायला बसले: एक लोकरीची, एक कानाची, एक त्यावर घालायची. लेकीसाठी टोप्या म्हणजे काय, साऱ्या दक्षिणेच्या बर्फावर झाकण घालायचं होतं.

"बघितलंत ना," ते प्लंबरला म्हणाले, "पद्धत असली की या घरातला एकही निरोप आता वाया जाणार नाही. एकही."

"ते खरं," प्लंबर म्हणाला. त्याची नजर कपाटाच्या डाव्या कोपऱ्यात अडकली होती. "पण काका, तो स्थानिक कप्पा फुगलाय."

काकांनी चिठ्ठ्या काढल्या. सतरा होत्या. सगळ्यांवर एकच नाव. त्यांनी आपला फोन उघडला.

नऊ पंधरा: बसले. मटार सोलतेय.

दहा एकतीस: झालं का?

दहा अठ्ठावन्न: मटार संपले.

अकरा वीस: टाकीची सावली सरकली.

अकरा एक्केचाळीस: अहो.

अकरा बेचाळीस: अहो.

मधले काही 'अहो' काकांनी गाळले. बारा चारला होतं: कानीचं काही कळलं का?

आणि सगळ्यांत खाली, बारा सहाला, म्हणजे आत्ताच, जे होतं ते काकांनी दोनदा वाचलं आणि मुकाट्यानं खुंटीकडे गेले:

पाणी सावकाश सोडू. आधी एक टोपी पाठवा.