मशीनच्या तेलाचे दोन थेंब

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर आहे. वय सहा वर्षं. पण आम्हा कंट्रोलरांमध्ये सहा वर्षं म्हणजे म्हातारपणच. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतो तो अकोल्याच्या रागिणीचा घामेजलेला तळवा. ती अकरावीत होती, आणि तिची आई जमुनाबाई मागून म्हणत होती, "हे खेळणं घेऊन लहान होऊन राहिली का तू?"

आमच्या खेळात हवेत तरंगणाऱ्या दगडावर दोघे लढतात. खाली पडला तो हरला. रागिणी खेळायची ती नावाडीण हे पात्र घेऊन. नावाडिणीच्या हातात दोर, दोराला लोखंडी आकडा. माझ्या उजव्या खांद्यावरचं बटण दाबलं की आकडा सुटे. समोरचा टप्प्यात असला तर आकडा त्याला ओढून आणी. आणि नावाडीणच दगडाबाहेर फेकली गेली, तर दगडाची कड धरून तिला वर घेई. पडताना आकडा एकदाच टाकता येई. तो चुकला की सरळ दरी.

"मासे धरून राहिली का व?" मैत्रिणी हसायच्या. दोन वर्षांनी त्याच म्हणू लागल्या, "हिले ढकलून फायदा नाही बाप्पा, परत येतेच." ते ऐकून मला वाटे, यातला अर्धा मान माझा.

यंदा अमरावतीला स्पर्धा होती. जमुनाबाईंनी बजावलं, "जिंकली तर खेळ. हरली तर हे कपाटात, अन् भरतीच्या परीक्षेचा अभ्यास." रागिणी हो म्हणाली.

निघायच्या सकाळी ती आंघोळीला गेली आणि तिचे वडील शालिकराम माझ्यापाशी बसले. तीस वर्षं ते शिलाई मशिनी दुरुस्त करतात. कुरकुरणारी वस्तू त्यांना बघवत नाही. गिल्या वड्याचं, म्हणजे आमच्याकडच्या दहीवड्याचं, दही उडून माझ्या खांद्याचं बटण जरा कुरकुरत होतं. "काहून रडून राहिला रे?" असं म्हणत त्यांनी कुपी काढली आणि बटणाच्या फटीत मशीनचं तेल सोडलं. दोन थेंब. जुन्या बायका बाळाच्या कानात तेल सोडत, तसं हळुवार. कुरकुर थांबली. ते खूश झाले.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. माझ्या बटणाखाली रबर आहे, आणि तेलाने रबर हळूहळू फुगतं.

तीन लढती आम्ही जिंकलो. चौथीत नावाडीण दगडाबाहेर फेकली गेली. असं शंभरदा झालं होतं. रागिणीने बटण दाबलं, पण मागच्या वेळी दाबलेलं ते वर आलंच नव्हतं. आकडा सुटला नाही. नावाडीण दरीत गेली.

परतीच्या एसटीत रागिणीने मला नाकाशी धरलं. त्या तेलाच्या वासातच ती वाढली होती. तिने मला पिशवीत ठेवलं.

शालिकराम दारातच उभे होते. "काय झालं व बाई?"

"हरली, बाबा."

"बटन तर नाही अडकलं? सकाळी तेल टाकलं होतं मी."

रागिणीने पिशवी मागे घेतली. "नाही बाबा. बटन मस्त चाललं. माह्यंच बोट चुकलं."

"मंग होते कधी कधी," ते म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता मी कपाटात असतो. दर रविवारी शालिकराम कपाट उघडतात. "पोरगी पुन्हा खेळन, तवा तयार पायजे," म्हणतात आणि मला तेल देतात. आता सगळ्याच बटणांना. टेबलाशी बसलेली रागिणी पुस्तकातून मान वर करते, काहीतरी बोलू पाहते आणि पुन्हा मान खाली घालते. माझी तीन बटणं गेली आहेत.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगतो: माया करणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून चूक झाकू नका. रागिणी, बाबांना खरं सांग. ते दिवसभर बोलणार नाहीत, जेवतीलही कमी. पण येत्या रविवारच्या आत सांग.