स्विचवरची पट्टी

हॉलमधला कॅमेरा पुन्हा आंधळा झाला आणि निवृत्त बस ड्रायव्हरने फोन जवळ ओढला. आता लेकीचा फोन येणार.

आलाच.

"बाबा, कुठे आहात?"

"घरातच. जाणार कुठे?"

"मला काही दिसत नाहीये. मागच्या वेळी सांगितलं होतं ना, पुन्हा असं झालं तर घेऊन जाईन म्हणून? रविवारी येतेय. बॅग भरून ठेवा."

"अगं, मी धडधाकट आहे. तो राऊटर बसलाय."

"पडलात तेव्हाही धडधाकटच होतात."

बायको गेल्यावर तो एकदा न्हाणीघरात घसरला होता आणि शेजारीण येईपर्यंत तिथेच पडून राहिला होता. तेव्हापासून लेकीने हॉलमध्ये कॅमेरा लावला. कॅमेऱ्याला नेट हवं, नेटला राऊटर. राऊटर जुनाच होता, बायकोच्या दिवाणावरच्या फळीवर ठेवलेला.

लेकीकडे त्याला खिडकीची खोली मिळणार होती. जावईही भला माणूस. पण इथे बायकोचा चष्मा तिने ठेवला होता तिथेच होता. तो उचलून नीट ठेवणारं कोणी नव्हतं, आणि त्याला तेच हवं होतं.

त्याने नेट कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी बोलली.

"राऊटर बंद करून पुन्हा चालू केलात का, सर?"

"केला," तो धडधडीत खोटं बोलला.

खोटं अशासाठी, की त्या राऊटरच्या स्विचवर त्यानेच काळी चिकटपट्टी लावली होती. बायको गेली तेव्हा घरात माणसांची रीघ होती. राऊटरच्या बटणाशेजारीच फोन चार्ज करायची जागा, कोणाचा ना कोणाचा हात त्यावर पडायचा. पुढे कॅमेरा आला आणि आल्या आल्याच असं एकदा झालं. लेक फोनवर रडली. त्याच संध्याकाळी त्याने बटण चालू ठेवून त्यावर पट्टी मारली, चांगली आडवी-उभी. सगळं आयुष्य बस चालवण्यात गेलेलं. चालत्या इंजिनाला हात लावायचा नाही, एवढं त्याला कळत होतं.

मग वाट बघणं सुरू झालं. नेटवाला दिवसभरात कधीही उगवायचा, आणि दाराला कुलूप दिसलं की 'ग्राहक घरी नाही' म्हणून तक्रार मिटवून टाकायचा. त्यामुळे भाजीला जायची सोय नाही, पत्ते खेळायला डेपोत जायची सोय नाही. कॅमेरा चालू असला की लेकीच्या डोळ्यांपुढे बसायचं, बंद असला की नेटवाल्याची वाट बघत बसायचं. दोन्हीकडून बसायचंच. तो फळीवरच्या राऊटरकडे बघत बसला. हिरवे दिवे लुकलुकत होते, जसं काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी नेटवाला हेल्मेट काखेत मारून आला.

"काका, आता माझा एक कप इथेच ठेवा. घरच्यापेक्षा जास्त चहा तुमच्याकडे होतो."

"चहाचं राहू दे. रविवारच्या आत हे कायमचं दुरुस्त कर, नाहीतर मला इथून उचलतायत."

नेटवाल्याने राऊटरमागची बारीक पिन उपसली, जरा थांबला, पुन्हा खोचली. कॅमेऱ्याचा दिवा लागला. मग त्याची नजर बटणावर गेली.

"ही पट्टी कसली?"

"कोणाचा हात लागू नये म्हणून."

"म्हणजे हा कधी बंदच होत नाही?"

"एकदाही नाही," ड्रायव्हर ताठ होऊन म्हणाला.

नेटवाला हसत सुटला. "अहो काका, तिथेच तर घोडं पेंड खातंय! हे स्वस्तातलं डबडं आहे. सारखं चालू ठेवलं की तापतं, आत गुंता होतो. दिवे लागतात, काम शून्य. दरवेळी मी येऊन करतो काय? ही पिन काढतो आणि लावतो. वायर-बियर तपासतो ती तुमच्या समाधानासाठी. रोज थोडा वेळ याला झोपवा."

"मग नवा दे."

"देतो की. तो याचाच सख्खा भाऊ असेल."

"बायको असताना इतकी वर्षं चालला. कधी अडला नाही. तेव्हा कोण बंद करत होतं?"

"तीच," दारातून आवाज आला. शेजारीण उभी होती. नेट आलं का बघायला आली होती.

"वहिनी, तुम्हाला काय माहीत?"

शेजारीण ओशाळली. "आता लपवून काय करू, भाऊजी? मी तुमच्याच नेटवर मालिका बघते. तिनेच जोडून दिलं होतं. दुपारी तुम्ही डेपोत गेलात की ती बटण बंद करून दिवाणावर पडायची. ते दिवे डोळ्यावर येतात, झोप लागत नाही म्हणायची. आणि माझी मालिका नेमकी रंगात आली की टीव्हीवर ते चक्र फिरायला लागायचं. मग मी भिंतीवर ठोकायचे, ऊठ गं बाई! ती आतून ठोकायची, आलं नेट."

डेपोत ड्रायव्हरने या राऊटरची किती फुशारकी मारली होती. वस्तू निवडावी तर आपण, म्हणाला होता.

नेटवाला गेल्यावर त्याने लेकीला फोन लावला.

"रोज दुपारी कॅमेरा तासभर बंद राहील. मीच बंद करणार आहे."

"आणि त्या तासात काही झालं तर?"

"वहिनी भिंतीवर ठोकतील. मी उलट ठोकलं नाही तर किल्ली त्यांच्याकडे आहे."

"त्या विसरल्या तर?"

"त्यांची मालिका अडलेली असते. विसरतात कशाच्या!"

लेक हसली नाही. "रविवारी मी येणारच आहे. तोवर बघू. पण बॅग भरून ठेवा."

बॅग त्याने भरली. मग नखाने पट्टी उकरली, बटण बंद केलं आणि दिवाणावर आडवा झाला. ती गेल्यापासून तो तिथे झोपला नव्हता. डोळ्यावर एकही दिवा नव्हता. कॅमेराही बघत नव्हता.

भिंतीवर टकटक झालं. तो तसाच पडून राहिला. पुन्हा झालं, या वेळी जोरात, घाईने.

"उठतो गं," तो म्हणाला, आणि त्याने हात लांब करून भिंतीवर ठोकलं.