अकरा घरांचं यंत्र

संस्थेने वचन दिलं ते आपणहून. सरकारने सांगितलं नव्हतं, कायद्याने बजावलं नव्हतं. पण आसपासच्या चार संस्थांनी दिलं म्हटल्यावर मोठ्या साहेबांना गप्प बसवेना. संगणक सहा वर्षं पुरवून वापरू, नको ती माहिती साठवणार नाही, विनाकारण वीज खाणारी यंत्रं बंद करू आणि दर महिन्याला त्याचा आकडा जाहीर करू. साहेबांनी हे व्यासपीठावर वाचून दाखवलं, टाळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रखोलीच्या दारात उभे राहिले.

"ताई, वर्षाअखेर चाळीस बंद झाली पाहिजेत. चारचौघांत बोलून बसलोय मी."

वचन चांगलंच होतं, त्यात खोट काढायची नाही. पण बोलणारा बोलून मोकळा होतो आणि निस्तरायला दुसरंच कुणीतरी लागतं. इथे ते कुणीतरी म्हणजे ताई. एकवीस वर्षं त्या खोलीत काढलेल्या. घरी सासूबाई म्हणायच्या, "आमची सून माणसांशी कमी आणि पेट्यांशी जास्त बोलते." त्यात काही खोटं नव्हतं.

संस्थेचं काम एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं. प्रत्येकाच्या गळ्यात एक बटण. पडलं, छातीत दुखलं, काहीही झालं की ते दाबायचं. संस्थेत घंटा वाजते आणि माणूस निघतो. पाच वर्षांपूर्वी सगळी घरं नव्या यंत्रणेवर घेतली, अशी नोंद होती. जुनी यंत्रं मात्र कोपऱ्यात तशीच घुमत राहिली. कोणतं कशासाठी, हे ठाऊक असलेली माणसं केव्हाच निवृत्त झाली होती.

अशा वेळी या धंद्यात एक रीत आहे, तिला ओरड चाचणी म्हणतात. कशासाठी आहे ते कळत नाही असं यंत्र सरळ बंद करायचं आणि वाट बघायची. कुणाचं काही अडलं तर तो ओरडत येतो. चौदा दिवसांत कुणी ओरडलं नाही, तर यंत्र खोलून भंगाराला. ताईंनी अशी छत्तीस यंत्रं निकालात काढली होती. दोनदा हिशेबखात्यातले लोक तावातावाने आले, दोन्ही वेळा यंत्र परत चालू झालं, सगळे हसले. रीत सोपी होती आणि चुकत नव्हती.

सदतिसाव्या यंत्रासाठी कुणीच आलं नाही. चौदाव्या दिवशी सकाळी ताई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसल्या. मागचं झाकण काढलं तर आतल्या बाजूला पिवळा पडलेला कागद चिकटवलेला. त्यावर जुन्या कुणाच्या तरी हाताने अकरा पत्ते लिहिलेले आणि खाली एक ओळ: 'या घरांत नवी जोडणी बसत नाही. बटणं याच यंत्रावर आहेत.'

ताईंनी ती ओळ दोनदा वाचली. ओरडणारं कोण, तर ही अकरा माणसं. आणि त्यांचं ओरडणं जिथून यायचं, तेच यंत्र ताईंनी आपल्या हाताने बंद केलेलं. चौदा दिवस शांतता होती म्हणून त्या निर्धास्त होत्या.

झाकण तसंच टाकून त्यांनी यंत्र चालू केलं. यंत्र जागं व्हायला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत ताईंनी जन्मात आठवले नव्हते तेवढे देव आठवले. बटणाचा निरोप यंत्राकडे धाडणारा एक डबा प्रत्येक घरात असतो, त्याची एक सोय होती: न पोचलेले निरोप तो जपून ठेवतो आणि वाट मोकळी झाली की एकदम पाठवतो. काही येऊ नये, काहीच येऊ नये, एवढंच त्या घोकत होत्या.

पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. सगळ्या एकाच घरच्या. पहिलं बटण नऊ दिवसांपूर्वी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मग सव्वासातला. मग साडेसातला तीनदा. दुपारपर्यंत एकतीस. संध्याकाळी दोन. त्यानंतर काही नाही.

त्या घराचा नंबर फिरवताना ताई तीनदा चुकल्या. लागला तेव्हा नुसती रिंग वाजत राहिली. बाकीच्या दहा घरांना फोन करायला त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बसवलं आणि साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी सगळं ऐकलं.

"आधी नीट चौकशी करू," ते हळूच म्हणाले. "महिन्याचा आकडा आजच जाहीर झालाय."

"आकडा गेला खड्ड्यात," ताई म्हणाल्या. साहेबांशी त्या असं कधीच बोलल्या नव्हत्या. "मी चालले."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढताना ताईंना वास येतोय का, हे बघायची भीती वाटत होती, म्हणून त्या तोंडाने श्वास घेत चढल्या. दार वाजवलं. आत काही हललं नाही. पुन्हा वाजवलं. मग काहीतरी फरशीवर घासत आल्यासारखा आवाज आला आणि कडी निघाली.

आजी उभ्या होत्या. चार पायांच्या काठीवर भार टाकून, कपाळापासून हनुवटीपर्यंत काळंनिळं. ताई तिथेच चौकटीला धरून रडायला लागल्या.

"अगं, कोण तू? आत ये आधी," आजी म्हणाल्या. "फोन वाजत होता, पण पोचेपर्यंत बंद झाला."

न्हाणीघरात पडल्या होत्या. दिवसभर आणि रात्रभर तिथेच. दुसऱ्या दिवशी खालच्या बाई वर्तमानपत्र द्यायला आल्या, त्यांनी हाक ऐकली, डॉक्टर आणला. हाड मोडलं नव्हतं, एवढंच नशीब.

"आमच्याकडे तक्रार का नाही केली, आजी?"

"म्हटलं, तुम्ही लोक कामात असाल. माझ्यापेक्षा जास्त पडलेलं कुणी असेल. म्हणून संध्याकाळी दाबायचंच सोडलं."

ताईंनी डोळे पुसले आणि जे सांगायचं ते सांगून टाकलं. यंत्र मी बंद केलं. वीज वाचवायची होती, कुणी विचारत आलं नाही, म्हणून मला वाटलं कुणाला नकोय. आजी ऐकत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त मान हलवत राहिल्या.

"आता चालू केलंय मी," ताई म्हणाल्या. "तिकडे संस्थेत बाई बसल्यात. दाबून बघा ना, लगेच घंटा वाजेल. माझ्यासमोर एकदा बघा."

आजींनी गळ्यातलं बटण मुठीत धरलं. अंगठा त्यावर टेकवला. मग हळूच काढून घेतला.

"नको बाई," त्या म्हणाल्या. "पडायची नाही वाटत मला आता भीती. हे दाबायची वाटते. दाबलं आणि पुन्हा कुणी आलंच नाही तर?"

ताईंनी पुन्हा आग्रह केला, शपथा घातल्या, फोन लावून तिकडच्या बाईंचा आवाज ऐकवला. आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मूठ मात्र त्यांनी उघडली नाही.