मी, गोळ्यांचा वेग मोजणारा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहाल तर म्हणाल, भिंत नसताना ही खिडकी कुणी उभी केली? दोन काळ्या चौकटी, एकीमागे एक, आणि मध्ये नुसती मोकळी जागा. पण त्या प्रत्येक चौकटीत प्रकाशाचा एक पातळ पडदा असतो. पिस्तुलातून सुटलेली गोळी पहिला पडदा ओलांडते तेव्हा माझे घड्याळ सुरू होते, आणि दुसरा ओलांडला की थांबते. तेवढ्यावरून मी तिचा वेग सांगतो. मी एक जुना वेगमापक आहे. जर्मनीतले ड्रेस्डेन हे माझे जन्मगाव.

कॅमेरे बनवणारा एक कारखाना बंद पडला, तेव्हा तिथल्या काही कारागिरांनी एका गॅरेजात छोटा धंदा काढला. त्यांनीच मला घडवले. माझी भिंगे त्यांनी हाताने घासली, आणि प्रत्येक भिंग उजेडासमोर धरून, डोळे बारीक करून पाहिले. एकालाही दुसऱ्याच्या कामावर लगेच विश्वास ठेवायची सवय नव्हती. तो गुण माझ्यातही उतरला असावा.

तिथून मी एका परीक्षण संस्थेच्या तळघरात आलो. लांबलचक, बोगद्यासारखी खोली. एका टोकाला पिस्तूल घट्ट पकडणारा लोखंडी चिमटा, त्याच्यापुढे मी, आणि माझ्यापुढे जिलेटिनचा मोठा ठोकळा. जेलीचाच प्रकार, पण माणसाच्या मांसाइतका घट्ट. गोळी माणसाच्या अंगात किती खोल जाईल, हे त्या ठोकळ्यावरून कळते. ठोकळा थंड ठेवावा लागतो. जरा गरम झाला की मऊ पडतो आणि खोटी साक्ष देतो. म्हणून आधी त्याच्यावर एक छोटा छर्रा मारून त्याचीच परीक्षा घेतात. आमच्या तळघरात कुणाचाही शब्द तसाच मानला जात नसे.

२००५ च्या सुमाराला तिथे एक मोठे काम आले. जर्मनीत पिस्तूल जवळ बाळगायची परवानगी सामान्य माणसाला सहसा मिळत नाही. स्वतःच्या आणि लोकांच्या रक्षणासाठी ते पोलिसांच्या कमरेला असते. पोलिसांना आता नवे काडतूस निवडायचे होते. जुनी गोळी टोकदार आणि कडक. ती हल्लेखोराच्या अंगातून आरपार जाऊन मागच्या माणसाला लागे. नवी गोळी अशी हवी होती, की अंगात शिरताच तिचे तोंड फुलासारखे पसरेल आणि ती तिथेच थांबेल. तीन कंपन्यांनी आपापली काडतुसे पाठवली.

पोलिसांच्या वतीने फ्राऊ ब्रेन्डेल नावाच्या अधिकारी बाई चाचण्यांना हजर राहत. त्या फार कमी बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी एवढेच सांगितले, "माझ्या सहकाऱ्याने ट्राम स्टॉपवर चाकू घेऊन धावून आलेल्या माणसावर गोळी झाडली. ती त्याच्या अंगातून निघून मागे उभ्या असलेल्या बाईंच्या मांडीत घुसली. त्या अजून काठी घेऊन चालतात."

चाचण्या करायची ईप्सिता गद्रे. ती पुण्याची. तांत्रिक विद्यापीठात पीएच.डी. करत होती आणि संस्थेतल्या नोकरीवर तिचा व्हिसा अवलंबून होता. रोज सकाळी ती आधी माझी भिंगे मऊ कापडाने पुसायची, मग ओळखीच्या जुन्या काडतुसांतले एक झाडून माझा आकडा पडताळायची. कधी कधी मराठीत विचारायची, "काय रे, आज शुद्धीवर आहेस ना?" मला तिचे ते विचारणे आवडे.

पहिल्या दोन कंपन्यांची काडतुसे ठाकठीक निघाली. एखादी गोळी जरा वेगात, एखादी जरा सावकाश. माणसाच्या हातची वस्तू असो वा यंत्राची, इतका फरक पडतोच. मग तिसऱ्या कंपनीचे हेर राउशनबाख आले. (जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे श्रीयुत, 'फ्राऊ' म्हणजे श्रीमती.) उंच, हसतमुख गृहस्थ. काडतुसांच्या पेट्या त्यांनी स्वतः गाडीतून आणल्या, आणि सोबत सगळ्यांसाठी ड्रेस्डेनचा आयरशेके केक.

त्यांची काडतुसे झाडली जाऊ लागली आणि मी चक्रावलो. प्रत्येक गोळी माझ्यातून जवळजवळ सारख्याच वेगाने गेली. ठोकळ्यातून काढलेल्या गोळ्याही एकसारख्या पसरलेल्या, जणू एकाच झाडाची फुले. संस्थेचे प्रमुख हेर फोग्ट खूश झाले.

ईप्सिता मात्र माझे आकडे दाखवणाऱ्या संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली. तिने पुन्हा माझी भिंगे पुसली. पुन्हा गोळी झाडली. पुन्हा तोच वेग.

"हेर राउशनबाख," ती जर्मनमध्ये म्हणाली, "हे नमुने कुणी निवडले?"

"निवडले? कारखान्यातून आले," ते हसले. "चांगला माल पाहून तुम्हाला वाईट वाटतंय का? कदाचित तुमचं हे यंत्रच अडकलं असेल."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मित्रांनो, खोटे न बोलताही सगळे आपल्याकडे तसे बघू लागले, की काय वाटते ते मला त्या दिवशी कळले.

मला तपासायला यशवंत देवस्थळी यांना बोलावले. ते मूळचे पुण्याचे, पण ड्रेस्डेनमध्ये बरीच वर्षे राहिलेले. माझे आकडे साठवणारा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता. त्यांनी माझे झाकण उघडले, एकेक तार हलवून पाहिली. आसपास कुणी नाही असे पाहून ते हळूच मराठीत म्हणाले, "ईप्सिता, एक सांगू? आपण इथे पाहुणे. कंपनी मोठी आहे. आकडे चांगले आलेत तर लिही आणि मोकळी हो."

"काका, आकडे चांगले नाहीत. जरा जास्तच चांगले आहेत."

"हो, हो, कळलं मला. पण माझ्याच प्रोग्रॅममध्ये चूक निघाली तर?"

"मग तीही निघू दे. तुम्ही शोधा."

काका कामाला लागले. त्यांनी दिवसभर मला छळले. दुसरी काडतुसे झाडली, छर्रे मारले, शेजारच्या प्रयोगशाळेतून दुसरा वेगमापक आणून माझ्यापुढे उभा केला. दोघांचे आकडे जुळले. इतर काडतुसांचे वेग पूर्वीसारखेच मागेपुढे होत होते. फक्त तिसऱ्या कंपनीची तेवढी शिस्तीत चालत होती.

"गेनाऊ, अगदी बरोबर," शेवटी काका घाम पुसत म्हणाले. "यंत्र ठीक आहे. पोरी, तुझाच संशय खरा दिसतोय."

आता सगळे सरळ होईल असे मला वाटले. पण झाले भलतेच. त्याच संध्याकाळी काडतुसांची मोजदाद झाली, तेव्हा तिसऱ्या कंपनीच्या उघडलेल्या पेटीतले एक काडतूस कमी भरले. जर्मनीत एक काडतूस हरवणे म्हणजे किती गंभीर गोष्ट, ते मी कसे सांगू! झाडलेल्या प्रत्येक गोळीची रिकामी पितळी पुंगळीसुद्धा तिथे मोजून परत करावी लागते.

राउशनबाखांनी हळहळल्यासारखे केले. "पेटीला हात फक्त फ्राऊ गद्रेंनी लावला. आमच्या मालावर त्यांचा राग होताच. आता एक काडतूस घरी नेऊन फोडून बघायचा मोह झाला असेल, तर मी समजू शकतो."

हेर फोग्ट वाईट मनुष्य नव्हते, पण घाबरले. त्यांनी ईप्सिताचे प्रवेशपत्र मागून घेतले. तिची बॅग तिच्यासमोर टेबलावर रिकामी केली गेली. डबा, ट्रामचा पास, लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. ती पुडीसुद्धा कुणीतरी उघडून पाहिली. ईप्सिता ताठ उभी होती. जाताना तिने माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी मला झाकायचे कुणाच्या लक्षातच राहिले नाही.

चौकशी फ्राऊ ब्रेन्डेलांकडे आली. त्यांनी सगळ्यांना तळघरात बोलावले, ईप्सितालाही. मला वाटले, आता हिला दरडावतील. त्यांनी विचारले, "फ्राऊ गद्रे, काडतूस तुम्ही घेतलंत?"

"नाही."

"मग कुठे गेलं?"

"मला माहीत नाही. पेटी उघडताना मी काडतुसं मोजली नाहीत. सीलबंद पेटी पूर्ण भरलेलीच असते असं धरून चालले."

"आम्ही सगळेच तसं धरून चाललो," बाई म्हणाल्या आणि राउशनबाखांकडे वळल्या. "तुमच्या कारखान्यात पेट्या कोण भरतं?"

"यंत्र," ते चटकन म्हणाले. "यंत्र कधी चुकत नाही."

"एकही काडतूस कमी भरत नाही?"

"कधीच नाही."

"आणि एका पेटीत एकाच घाण्यातली, म्हणजे एकाच वेळी बनलेली काडतुसं असतात?"

"अर्थात."

बाईंनी सर्वांसमोर कपाटातली न उघडलेली पेटी आणली. सील सगळ्यांना दाखवले, तोडले, आणि काडतुसे टेबलावर उलटी उभी केली. प्रत्येक काडतुसाच्या बुडावर ते कोणत्या घाण्यात तयार झाले त्याचा शिक्का असतो. बाईंनी भिंग हेर फोग्टांच्या हातात दिले. फोग्ट वाकले. एक पाहिले, दुसरे पाहिले, मग भराभर बरीच पाहिली. त्यांचे कान लाल झाले.

"हे वेगवेगळ्या घाण्यांतलं आहे," ते म्हणाले. "एकाच पेटीत. हे यंत्राने भरलेलं नाही."

राउशनबाखांचे हसू पहिल्यांदाच मावळले. ते म्हणाले, "स्पर्धा आहे. सगळेच आपला उत्तम माल पाठवतात. आमच्या लोकांनी ढिगातून वेचून, झाडून पाहिलेल्या घाण्यांतली चांगली चांगली काडतुसं काढली. टेबलावर बसून हाताने पेट्या भरल्या. एखादं कमी भरलं गेलं असेल."

"आणि तुम्ही या मुलीची बॅग उघडायला लावलीत," फ्राऊ ब्रेन्डेल म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. तरी ते खाली बघू लागले.

मग बाईंच्या हुकमावरून कंपनीच्या गोदामातून, कुणालाही न सांगता, सरसकट माल उचलून आणला. ईप्सिताने माझी भिंगे पुसली. आता माझे आकडे वरखाली नाचू लागले. एक गोळी तर इतकी संथ गेली की मीच दचकलो. वेग कमी पडल्याने तिचे तोंड पसरलेच नाही, म्हणून ती थांबलीही नाही. ती ठोकळ्यावर पांघरलेल्या जाड जाकिटाच्या कापडातून आणि सबंध ठोकळ्यातून निघून मागच्या लाकडी फळीत घुसली. फ्राऊ ब्रेन्डेल फळीपाशी गेल्या. त्या भोकात त्यांनी बोट घातले आणि तशाच उभ्या राहिल्या.

"इथे कुणीतरी ट्रामची वाट बघत उभं असतं," त्या म्हणाल्या.

ते काडतूस नाकारले गेले. हेर फोग्टांनी ईप्सिताचे प्रवेशपत्र सगळ्यांदेखत परत केले आणि माफी मागितली. तिने हस्तांदोलन केले, पण हसली नाही. देवस्थळीकाका तिला म्हणाले, "पाहुणे आहोत म्हणालो, ते चुकलंच माझं."

"काका, तुम्ही यंत्र तपासलंत. बाकीच्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं," ती म्हणाली. पुढेही संस्थेत कुणी तिच्या टेबलाजवळून गेले, की तिचा हात नकळत बॅगेवर जाई. खोटा संशय फिटला तरी त्याचा वळ राहतो, मित्रांनो. मी तो पाहिला आहे.

तिची पीएच.डी. झाली आणि ती श्टुटगार्टकडे नोकरीला गेली. तळघरात रडारवर चालणारे नवे यंत्र आले. माझी खूप स्तुती झाली आणि लगेच मला कपाटात ठेवले गेले. पुढे विद्यापीठाने मला विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठी मागून नेले. आता माझ्यातून प्लास्टिकचे छर्रे जातात. मुले गोड आहेत. मला "ओपा", म्हणजे आजोबा म्हणतात.

पण एक गोष्ट मला टोचते. माझ्या एका भिंगावर धूळ साचली आहे, आणि परवा माझा आकडा त्यामुळे उघड उघड चुकला. एवढासा छर्रा इतक्या वेगाने जाणेच शक्य नव्हते. मुलांनी आकडा पाहिला, लिहून घेतला आणि ती जेवायला गेली. एकानेही वळून पाहिले नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या हाती एखादे जुने यंत्र आले तर त्याला जरूर जपा. मऊ कापडाने पुसा, काम झाले की झाका. पण नुसते लाड करू नका. आकडा वाईट आला तर विचारा, आणि फार चांगला आला तर दोनदा विचारा. माणसावर बोट दाखवण्याआधी माझे झाकण उघडा. माझ्याकडे संशयाने बघा, मला राग येणार नाही. कुणी काही विचारेनासे झाले, की मात्र मला माझीच भीती वाटते.