मांगरातली फटफटी

चौक्याच्या गुरुदास मास्तरांना राग रोज यायचा, पण ठरलेल्या वेळी. सकाळी मालवणच्या शाळेत जायला निघाले की त्यांना मांगरावरून जावं लागे. मांगर म्हणजे घराशेजारची खोप. पेंढा, मोडका नांगर, फुटकी घमेली, असं जे लागत नाही पण टाकवतही नाही ते सगळं तिथे पडलेलं. त्याच मांगरात बारा वर्षं मास्तरांची फटफटी उभी होती. मास्तर तिच्याकडे एकदा बघत, दात आवळत आणि एस.टी.ची मोटार गाठायला चालू लागत. संध्याकाळी परत येताना पुन्हा एकदा दात आवळत. रविवारी सुट्टी असे.

लढाई संपल्यावर बेळगावला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला होता. त्यात तरुण मास्तरांनी ती घेतली आणि आंबोलीचा घाट उतरून स्वतः चालवत आणली. पुढली चार वर्षं चौके ते मालवण या रस्त्यावरच्या कोंबड्यांनासुद्धा तिची वेळ पाठ झाली होती. एक्कावन्न सालच्या मार्गशीर्षात एक म्हैस आडवी आली, तिला ती पाठ नव्हती. मास्तरांनी म्हैस वाचवली आणि रस्त्याकडेच्या कुंपणाचा चिऱ्याचा गडगा अंगावर घेतला. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. म्हैस त्यानंतर सहा वर्षं दूध देत राहिली, आणि तिचा मालक भिकाजी वाटेत भेटला की हे मास्तरांना आवर्जून सांगे.

पायाचं प्लास्टर कापलं त्या दिवशी मास्तरांची आई, म्हणजे माई, ओटीवर येऊन उभी राहिली.

"आयक," ती म्हणाली. "त्या गाडयेक परत हात लावलंस, तर त्या दिसापासून माझ्या पानात म्हावरां नाय."

म्हावरां म्हणजे मासळी. हे वाक्य सोलापूरकडच्या माणसाला ऐकवलं तर तो म्हणेल, बरं, मग भाजी खा. मालवणच्या मुलखात मात्र असं बोलणाऱ्या बाईपुढे कोर्टसुद्धा गप्प बसेल. त्यातून माईला बांगडा प्राणाहून प्रिय. तिरफळं ठेचून घातलेलं बांगड्याचं तिखलं ज्या दिवशी नसेल, त्या दिवशी ती "जेवलंय" म्हणत नसे, "पोट भरलां" म्हणे. आपल्या दोन चाकांपायी म्हातारीच्या तोंडचा बांगडा काढून घ्यायचा, हे मास्तरांच्याने होईना. त्यांनी गाडी सोडली.

सोडली म्हणजे अक्षरशः सोडली. हात लावायचा नाही म्हटल्यावर पुसायलाही लावला नाही. घरातल्या बाकीच्यांवर मात्र असलं काही बंधन नव्हतं. मास्तरांच्या बायकोने, सत्यवतीने, हँडलच्या एका बाजूला केरसुण्या अडकवल्या आणि दुसऱ्या बाजूला सुपं. वैशाखात सीटवर आमसुलं वाळत पडत. एक कोंबडी इंजिनाच्या मागे नेमाने अंडी घाली आणि मास्तर जवळ गेले की मालकिणीसारखी बघे. आणि दर दसऱ्याला माई स्वतः जाऊन गाडीला हळदकुंकू लावी, झेंडूची माळ घाली. मास्तरांना सगळ्यात जास्त राग याचा होता. आपणच डांबून ठेवायचं आणि वर्षातून एकदा हार घालायला जायचं.

त्रेसष्ट सालच्या दिवाळीच्या सुट्टीत सत्यवती विहिरीवर होती, तेव्हा दारात तुळसा आली. टोपलीभर मासळी डोक्यावर घेऊन ती रोज मालवणाहून चालत येई. मास्तर स्वतः ताट घेऊन बाहेर आले. तुळसाने बांगडे मोजले.

"तुमका चार, वयनीक दोन," ती म्हणाली.

"आणि माईक?"

"माईक कित्याक?"

"कित्याक म्हणजे? खावक."

तुळसाचा हात टोपलीवरच राहिला. "मास्तरानू, माई खंय खाता? तुमचो पाय मोडलो तेवापासून तेंच्या वाट्याचा म्हावरां मी ह्या दारात उतरूक नाय. सगळ्या वाडयेक म्हायत आसा."

सगळ्या वाडीला ठाऊक होतं आणि एका गुरुदास मास्तरांना नव्हतं, यात आश्चर्य काही नाही. घरातले पुरुष माजघरात आधी जेवत, बायका मागाहून चुलीकडे. तिथे कोण काय जेवतं हे बघायला कुठलाही पुरुष जात नसे. मास्तरांचे वडीलही कधी गेले नव्हते, आजोबाही नव्हते. वीस वर्षं पोरांच्या डोक्यात त्रैराशिक भरणाऱ्या माणसाला आपल्या घरात बांगडे किती येतात आणि तोंडं किती आहेत, एवढा भागाकार कधी करावासा वाटला नव्हता.

मास्तर ताट तिथेच ठेवून मागीलदारी गेले. माई केरसुणीसाठी झावळीचे हीर काढत बसली होती.

"माई, तू म्हावरां खातंस?"

"नाय."

"कधीपासून?"

"तू पडलंस तेवापासून."

"मगे माका काय सांगितलंस? गाडयेक हात लावलंस तर म्हावरां सोडतलंय म्हणान. आधीच सोडललां तां परत कसा सोडतलंस?"

माईने एक हीर सोलून बाजूला ठेवला. "तू इचारलंस खंय?"

मास्तरांची कानशिलं तापली. "कित्याक सोडलंस तां तरी सांग."

"देवळात जावन देवीक सांगितलंय. माझ्या झिलाचो पाय पयल्यासारखो होवंदे, तवसर म्हावऱ्याक शिवचंय नाय. झालो पाय पयल्यासारखो? पावसात लंगडतंस. चढण इली काय छत्रेर टेकान उभो रवतंस. मी बघतंय. देवीक फसवू?"

"देवीक फसवूचा नाय. झिलाक फसवला तां चलता."

"तू काय देव आसस?" माई म्हणाली आणि पुढचा हीर उचलला.

मास्तरांची अडचण अशी झाली की राग कुठल्या बाजूने धरावा हेच कळेना. या बाईने आपल्या पायासाठी बारा वर्षं बांगडा तोंडात घातला नव्हता. याच बाईने आपल्याजवळ नसलेला बांगडा पणाला लावून बारा वर्षं आपली गाडी अडकवून ठेवली होती. दोहोंपैकी एकच केलं असतं, तर माणसाला नीट रागावता तरी आलं असतं. सत्यवती घागर घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "तुका म्हायत होतां?"

"माईनी शपथ घातल्यानी."

"बारा वर्सां?"

"तुमी चुलीकडे कधी इलास?"

 मास्तर तडक मांगरात गेले. केरसुण्या उचलून अंगणात फेकल्या, सुपं फेकली, कोंबडीला हाकललं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा फटफटीला हात लावला. हाताला आमसुलांचा चिकटा लागला. त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी मालवणहून लवू मिस्त्री आला. तो बंदरातल्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करी. त्याने वाकून बघितलं.

"मास्तर, हयसर इंजिन आसा काय खुराडा?"

"तू काम कर."

लवूने आठ दिवस काम केलं. अडकलेल्या पिस्टनवर रॉकेल ओतून तो दोन दिवस भिजत ठेवला. टाकीतून गंज काढला, कार्ब्युरेटरमधून मुंग्यांचं वारूळ काढलं. टायर बेळगावहून मागवले. माई रोज दोनदा मागीलदारी येऊन उभी राही. "लवू, चाय घे," म्हणे. मुलाला काही म्हणत नसे. मुलगाही तिला काही म्हणत नसे. दोघांचं जे बोलायचं ते सत्यवतीमार्फत चाले, आणि सत्यवती त्यातलं अर्धंच पोचवी.

नवव्या दिवशी सकाळी लवू हात पुसत म्हणाला, "मारून बघूया. मास्तर, किक मी मारतंय. जोर लागतलो."

"नको. माझी गाडी आसा."

या फटफटीची किक उजव्या पायाने मारायची. मास्तरांनी मारली. काही नाही. पुन्हा मारली. इंजिन नुसतं खाकरलं. चौथ्या वेळी किकेने उलट दणका दिला आणि नेमका मोडून जुळलेल्या हाडावर दिला. मास्तर पाय धरून खाली बसले.

दारातून माई म्हणाली, "त्या पायान मारू नको. लवूक सांग."

आठ दिवसांनी ती त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलली, तेही हे. मास्तर तसेच बसून राहिले. आपल्याला काय करायचं आहे ते त्यांना तेव्हा कळलं. आठ दिवस ते गाडी मिळवायला निघाले होते. आता त्यांना हा पाय देवीला दाखवायचा होता. आज हा पाय चालला नाही, तर गाडी मांगरात जाईल, कोंबडी परत येईल आणि म्हातारी बांगड्याविना मरेल, आणि मरतानाही वर म्हणेल की तू विचारलंस कुठे.

ते उठले. बारा वर्षांचा सगळा राग त्यांनी गुडघ्यात आणला आणि किक मारली. मग आणखी एक. कितव्या किकेला इंजिन धरलं हे लवूने मोजलं नाही, पण ते धरलं तेव्हा मांगराच्या छपरातून वाळवीचा भुगा पडला, पलीकडच्या धोंडूची बैलजोडी दावी तोडायला लागली आणि कोंबडी थेट कौलांवर गेली.

मास्तर बसले, गिअर टाकला आणि निघाले. गिअरही त्याच पायाचा. पहिल्या वळणावर ते जवळजवळ गडग्यात गेले. तोच गडगा होता. "आता काय परत?" असं ते त्याला मोठ्याने म्हणाले आणि गाडी सावरली. मोटारीला हात करून उभ्या असलेल्या म्हैसवाल्या भिकाजीच्या पायाजवळून गेले, पण थांबले नाहीत. कुंभारमाठाच्या उतारावर अंगाला खारा वारा लागला, शर्ट पाठीमागे फुगला आणि आपल्याला मजा येते आहे हे मास्तरांच्या ध्यानात आलं. तेव्हा मात्र त्यांना खरा राग आला. हा वारा बारा वर्षं रोज याच उतारावर होता.

मालवणला किनाऱ्यावर रापणीचं जाळं नुकतंच वर ओढलं होतं. जाळ्यातून काढलेले, अजून शेपट्या हलवणारे बांगडे त्यांनी पिशवीत भरले आणि आल्या वाटेने परत निघाले. येताना चढण होती. चढणीवर थांबले नाहीत.

माई ओटीवरच होती. मास्तरांनी पिशवी तिच्यापुढे ठेवली.

"पाय पयल्यासारखो झालो."

"लंगडतंस अजून."

"चलताना लंगडतंय. किक मारताना नाय. पयलां मारी तशीच मारलंय. देवीन काय चलूक सांगितलां होतां? इचार लवूक."

माईने लवूकडे बघितलं. लवू चहा पीत होता. "ह्याच पायान?" तिने विचारलं.

"ह्याच. माझ्यान ती किक झाली नसती, माई."

माईने पिशवीत हात घालून एक बांगडा उचलला, त्याचे कल्ले उघडून बघितले, मग तो सत्यवतीकडे दिला. "तिरफळां जास्त घाल," ती म्हणाली. "बारा वर्सांत माझ्या तोंडाची चव तुझो हात इसारलो काय, देव जाणे."

त्या दुपारी मास्तर माजघरात जेवायला बसले नाहीत. ते चुलीकडे गेले आणि भिंतीशी पाट ओढून बसले. असं त्या घरात पूर्वी कधी झालेलं नसल्यामुळे सत्यवतीला कुणाला आधी वाढावं कळेना. मास्तर म्हणाले, "माईक वाढ. मी बघतंय."

माईने हात जोडले, देवीला काहीतरी पुटपुटली आणि घास घेतला.  मास्तरांनी दुसरीकडे बघितलं नाही, कारण तिच्या पानावरून नजर हलवायची नाही असं ठरवूनच ते आले होते. दुसरा बांगडा अर्धा झाल्यावर माई म्हणाली, "मीठ कमी आसा." मग, "आता आयक. उद्यापासून त्या गाडयेक हात लावलंस, तर माझ्या पानात म्हावरां नाय."

या वेळची धमकी खरी होती. सोडायला आता तिच्याजवळ काहीतरी होतं, आणि त्यातलं अर्धं पानात उरलं होतं. मास्तरांची कानशिलं पुन्हा तापली.

"लावतलंय," ते म्हणाले. "रोज लावतलंय. आणि दुपारी शाळेतसून फटफटयेन घराक येतलंय, हयसर बसतलंय आणि तुझा पान बघतलंय."

"बापयो माणूस चुलीकडे? रोज?"

"रोज."

माईने उरलेला अर्धा बांगडा संपवला.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच होती. सकाळी तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली आणि मास्तर देवळाच्या वळणापर्यंत जाऊन आले. दुपारी तसेच काळ्या हातांनी चुलीकडे येऊन पाटावर बसले. सत्यवतीने माईच्या पानात बांगडा वाढला आणि हात मागे घेतला. माईने पानाकडे बघितलं, मग मुलाच्या हातांकडे.

"हात धुवन ये आधी," ती म्हणाली. मास्तर हलले नाहीत. तिने बांगडा उचलला. "आणि डोळे वटारून बघू नको. काटो अडाकतलो."