टोमॅटोवरचा सराव

मनकर्णाबाई नवऱ्याबरोबर बिडकीन गावाहून शहरात, गारखेड्यात लेकाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, तरी दातांना मिश्री लावणं काही सुटलं नाही. तव्यावर तंबाखू भाजली जाऊ लागली की वरच्या मजल्यावरची माणसं खोकत खिडक्या लावून घ्यायची. सुनेनं, आशानं, त्यांना ब्रश आणून दिला होता. पण ब्रश फिरवला की हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून त्यांनी तोच बंद केला.

शेवटी आशा त्यांना छावणी भागात दातांच्या शकीला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, दात साफ केले आणि हातात आरसा दिला.

"मावशी, दातांच्या मुळाशी घाण साचली म्हणून रक्त येतंय. ब्रश बंद केला तर आणखी साचेल. मिश्री सोडा. सकाळी आणि झोपायच्या आधी दोन मिनिटं हलक्या हातानं घासा."

आठवड्यानं मनकर्णाबाई पुन्हा गेल्या, तेव्हा सोबत नेलेल्या ब्रशचे केस चारी दिशांना पसरलेले होते.

"एवढ्या जोरात घासता?"

"अंगण झाडल्यागत घासते. त्याबिगर सफा व्हतंय व्हय?"

डॉक्टरांनी आपल्या डब्यातला एक पिकलेला टोमॅटो काढला. "याची साल न फाटता घासून दाखवा."

दुसऱ्याच फटक्याला रस डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर उडाला. मनकर्णाबाई लाजल्या, पण हट्टालाही पेटल्या. घरी येऊन त्यांनी रोज टोमॅटो घासायला घेतले. फुटतील त्यांची आशा चटणी करायची. मिश्रीवाचून पहिले काही दिवस डोकं ठणकायचं, उगाच सगळ्यांवर चिडायच्या. मग तोंडात बडीशेप टाकून बसायच्या.

नवरा कारभारी पेपराआडून म्हणाले, "आतापर्यंत बाई तोंड घासायची, आता भाजी घासती. लई प्रगती झाली."

"तुम्ही बोलू नका. तुमच्या दातात कालची मेथी हाय."

"माझे दात दगडावानी हायेत. कधी ब्रश लावला नाय."

तीन आठवड्यांत मनकर्णाबाईंच्या हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं. आता त्यांचं लक्ष नवऱ्याच्या ताटाकडे गेलं. बाजरीची भाकरी ते दुधात पार भिजवून खात होते, आणि तीही एकाच बाजूनं. शेंगदाणे कधीपासून बाजूला सारत होते, कोण जाणे.

"दुखतंय?" त्यांनी जवळ बसून विचारलं.

कारभारींनी पेपर तोंडापुढं धरला. त्याआडूनच म्हणाले, "दोन हलत्यात. दवाखान्याचं भ्याव वाटतं."

त्या हसल्या नाहीत. पायात चपला घातल्या आणि त्यांना रिक्षात बसवून छावणीत नेलं. खुर्चीवर ते झोपले तेव्हा शेजारी उभं राहून त्यांचा हात धरला. एक दात काढावा लागला. दुसरा, नीट निगा राखली तर टिकेल, असं शकीला डॉक्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनपुढं मनकर्णाबाई नवऱ्याचं मनगट धरून उभ्या होत्या. "काढल्या दाताच्या जागी लावू नका. बाकीचे हळू. आता खालून वर."

कारभारींच्या तोंडभर फेस होता, त्यामुळं त्यांना काही उलट बोलता आलं नाही. आशा म्हणते, त्या घरात एवढी शांत दोन मिनिटं त्याआधी कधी गेली नव्हती.